फिल हिल: लोक सारखे विचारतात ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं

फेरारीला फॉर्म्युला वनची ड्रायव्हर्स चॅम्पियनशिप मिळवून देणारे ड्रायव्हर आजवर नऊच. आस्कारी, फँजिओ, हॉथॉर्न, हिल, सर्टीज, लाउडा, शेक्टर, शूमाकर, रायकोनेन. या यादीत शूमाकर, लाउडा सगळ्यांना माहीत असतात पण १९६१ पाशी आलं की गाडी अडते आणि मग मेसेज येतो की हा हिल कोण, ग्रॅहम हिलचा भाऊ का वगैरे. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. वरून खाली वाचलंच पाहिजे असं नाही, पाहिजे तो प्रश्न बघा.

फिल हिल नक्की कोण होता? दोन ओळीत सांगा ना

अमेरिकन रेसिंग ड्रायव्हर, जन्म २० एप्रिल १९२७, मायामीला, पण वाढला सगळा कॅलिफोर्नियात सांता मोनिकाला. १९६१ चा फॉर्म्युला वन वर्ल्ड चॅम्पियन आणि ल माँची २४ तासांची रेस तीन वेळा जिंकलेला माणूस. २८ ऑगस्ट २००८ ला कॅलिफोर्नियात वारला, ८१ वर्षांचा होऊन, आणि त्याच्या पिढीच्या ड्रायव्हरसाठी हे वय गाठणं हीच मोठी गोष्ट होती.

ग्रॅहम हिल, डेमन हिल याचे कोण लागतात?

कोणी नाही. आडनाव सारखं, बाकी काही संबंध नाही. ग्रॅहम आणि डेमन हे इंग्लंडचे बापलेक, फिल अमेरिकन. गोंधळ होतो कारण १९६१ चा चॅम्पियन फिल हिल आणि लगेच १९६२ चा ग्रॅहम हिल, यादीत एकाखाली एक. फिलचा मुलगा डेरेक हिल पण रेसिंग करायचा, फॉर्म्युला ३००० पर्यंत पोचला होता, त्यामुळे डेरेक आणि डेमन यांचीही लोक अदलाबदल करतात.

घरचा श्रीमंत होता का? गाड्यांचं वेड कुठून लागलं?

खाऊनपिऊन सुखी घर होतं. वडील सांता मोनिकाचे पोस्टमास्तर, आई धार्मिक गाणी लिहायची, घरात पियानो आणि शिस्त दोन्ही भरपूर. पोरगा लाजाळू, मैदानी खेळात यथातथाच. वेड लावलं ते हेलन मावशीने. तो बारा वर्षांचा असताना मावशीने त्याला एक जुनी फोर्ड मॉडेल टी घेऊन दिली, बारा वर्षांच्या पोराला, आणि त्याने ती खोलली, जोडली, परत खोलली. पुढचं सगळं आयुष्य या एका गोष्टीत आलं असं मला वाटतं, कारण हिल हा आधी मेकॅनिक आणि मग ड्रायव्हर. गाडी जोरात पळते याच्यापेक्षा ती आत कशी चालते याच्यात त्याला जास्त मजा यायची.

पुढे युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात बिझनेस शिकायला गेला, जीव रमला नाही, कॉलेज अर्धवट सोडून मिजेट रेसिंगच्या म्हणजे छोट्या रेसिंग गाड्यांवर मेकॅनिकचा हेल्पर म्हणून लागला.

मग हेल्परचा ड्रायव्हर कसा झाला?

हळूहळू. एक एमजी टीसी घेतली आणि चाळीसच्या दशकाच्या शेवटी लोकल ट्रॅकवर पळवायला लागला. १९४९ ला इंग्लंडला जाऊन जॅग्वारमध्ये ट्रेनी म्हणून काम केलं आणि येताना जॅग्वार एक्सके१२० घेऊन आला, तीच गाडी नीट ट्यून करून १९५० ला पेबल बीचची रेस जिंकला. १९५१ मध्ये आईवडील दोघंही गेले. वारसाने जे पैसे आले त्यातून त्याने फेरारी घेतली, न्यूयॉर्कच्या लुइगी किनेत्तीकडून. किनेत्ती म्हणजे अमेरिकेत फेरारी विकणारा माणूस आणि स्वतः ल माँ जिंकलेला, त्याची कंपनीचा मालक एन्झो फेरारीशी थेट ओळख, आणि हिलचं नाव इटलीपर्यंत पोचलं ते त्याच्यामुळेच.

मेक्सिकोत गाडी दरीत गेली होती ते खरं का?

खरं. कॅरेरा पानामेरिकाना म्हणजे मेक्सिकोत भर रस्त्यावर चालणारी तीन हजार किलोमीटरच्या वरची रेस, डोंगर, वाळवंट, गावं सगळं त्यात. १९५२ ला हिल सहावा आला. १९५३ ला फेरारी कड्यावरून खाली गेली, बाजूच्या सीटवर मित्र रिची गिंथर, दोघंही वाचले. १९५४ ला तेच दोघं परत गेले (गिंथरचं मला कौतुक वाटतं, दरीत पडून आल्यावर त्याच माणसाबरोबर त्याच रेसला परत बसला) आणि दुसरे आले, पहिला उम्बेर्तो मालिओली, त्याच्याकडे फेरारीचीच मोठी गाडी होती. त्यानंतर ही रेस बंदच झाली, इतकी माणसं मरत होती.

गिंथर पुढे फेरारीत हिलचा टीममेट झाला आणि १९६५ ला मेक्सिकोतच होंडाला पहिली ग्रां प्री (म्हणजे फॉर्म्युला वनची रेस) जिंकून दिली, पण तो वेगळा विषय.

टेन्शनने पोटात अल्सर झाला आणि रेसिंग सोडलं होतं, असं वाचलं

हो, १९५४ च्या सुमारास. आसपास ड्रायव्हर मरत होते आणि हिल मुळात विचार करणारा माणूस, रात्रभर जागा राहणारा. अल्सर झाले, डॉक्टरांनी थांबायला सांगितलं, काही महिने तो रेसिंगपासून लांब राहिला. त्या वेळात केलं काय, तर मावशीची १९३१ ची पिअर्स-ॲरो गाडी घेऊन पहिल्यासारखी करत बसला. ती गाडी १९५५ ला पेबल बीचच्या कॉन्कूरमध्ये, म्हणजे जुन्या सुंदर गाड्यांच्या प्रदर्शनात, सगळ्यात पहिली आली. तोपर्यंत तिथे नव्या कोऱ्या गाड्याच जिंकायच्या, युद्धाच्या आधीची गाडी जिंकली ती पहिल्यांदाच.

हे उत्तर मुद्दाम जरा लांबवलं कारण लोक त्याला "घाबरट चॅम्पियन" म्हणतात ते इथूनच येतं. रेसच्या आधी तो अस्वस्थ असायचा, येरझाऱ्या घालायचा, गॉगल पुसत बसायचा हे खरंय. पण झेंडा पडला की गाडी कशी चालवायचा ते बघा, आणि विशेषतः पावसात, त्यासाठी खालचा ल माँचा प्रश्न वाचा.

फेरारीच्या टीममध्ये १९५६ पासून होता तर फॉर्म्युला वनची गाडी मिळायला १९५८ का उजाडलं?

एन्झो फेरारीचं मत असं की हा लांब पल्ल्याच्या स्पोर्ट्सकारचा ड्रायव्हर आहे, गाडी सांभाळतो, शेवटपर्यंत आणतो, ग्रां प्रीचं काम याचं नाही. हिल दोन वर्षं वाट बघत राहिला. शेवटी १९५८ ला त्याने ‘जो बोनियर’ नावाच्या ड्रायव्हरची मासेराटी २५०एफ घेतली आणि रीम्सला फ्रेंच ग्रां प्रीमध्ये सरळ उतरला, सातवा आला. फेरारीच्या माणसाने मासेराटीत बसायचं म्हणजे मालकाच्या नाकावर टिच्चून, पण काम झालं.

अर्थात फक्त तेवढ्यानेच झालं नाही. त्याच रीम्सच्या रेसमध्ये फेरारीचा लुइगी मुसो गेला आणि महिन्याभरात जर्मनीत नुर्बर्गरिंगला पीटर कॉलिन्स गेला. कॉलिन्स हिलचा जवळचा, त्याच वर्षी दोघांनी मिळून ब्युनोस आयरेस आणि सीब्रिंगच्या लांब पल्ल्याच्या रेस जिंकल्या होत्या. टीममध्ये जागा अशा रिकाम्या व्हायच्या. इटलीत मॉन्झाला हिलला फॉर्म्युला वनची फेरारी मिळाली आणि पहिल्याच संधीत तिसरा नंबर आणि सगळ्यात वेगवान लॅप.

कासाब्लांकाला त्याने हॉथॉर्नला मुद्दाम पुढे सोडलं का?

हो आणि त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. १९५८ ची शेवटची रेस मोरोक्कोत. इंग्लंडचा स्टर्लिंग मॉस पहिला होता, चॅम्पियन व्हायला हिलच्या टीममेटला, हॉथॉर्नला, दुसरा नंबर पाहिजे होता आणि दुसऱ्या नंबरवर होता हिल. टीमचा इशारा आला, हिल हळू झाला, हॉथॉर्न पुढे गेला. हॉथॉर्न ४२, मॉस ४१. म्हणजे स्वतः चॅम्पियन व्हायच्या तीन वर्षं आधी हिलने दुसऱ्याला एका पॉइंटने चॅम्पियन केलं होतं, आणि पुढे स्वतःही एकाच पॉइंटने झाला.

१९६० चा मॉन्झाचा विजय फुकटचा होता ना? ब्रिटिश टीम्स आल्याच नव्हत्या

आल्या नव्हत्या हे बरोबर. इटालियन आयोजकांनी मॉन्झाचा जुना खडबडीत बँकिंगवाला (म्हणजे तिरप्या उतरत्या वळणांचा) भाग वापरायचं ठरवलं, ब्रिटिश टीम्सनी धोकादायक आहे म्हणून बहिष्कार टाकला. आयोजकांना पण ठाऊक होतं की सरळ जोरात पळणाऱ्या फेरारीला तो ट्रॅक सोयीचा आहे. हिल पोलवर (म्हणजे स्टार्टला सगळ्यात पुढच्या जागेवर), रेस जिंकला, पहिले तिन्ही फेरारीचे. तर हो, स्पर्धा कमजोर होती. पण दोन कारणांनी ही रेस लक्षात ठेवायची: पुढे इंजिन असलेल्या गाडीने वर्ल्ड चॅम्पियनशिपची ग्रां प्री जिंकली ती शेवटची, आणि युरोपातली ग्रां प्री अमेरिकन ड्रायव्हरने जिंकली ती १९२१ नंतर पहिल्यांदा (या "पहिल्यांदा"मध्ये बरीच मेख आहे, खाली बघा).

१९६१ ची शार्कनोज फेरारी एवढी भारी का होती?

नियम बदलले म्हणून. १९६१ पासून इंजिन अडीच लिटरवरून दीड लिटरवर आणलं. हे १९५८ लाच जाहीर झालं होतं पण ब्रिटिश टीम्स भांडत बसल्या, हे लागू होणार नाही या आशेवर राहिल्या आणि नवीन इंजिनं वेळेत तयार झाली नाहीत. फेरारीकडे फॉर्म्युला टूचं दीड लिटरचं व्ही६ आधीपासून होतं, कार्लो चितीने इंजिन मागे टाकून फेरारी १५६ केली, पुढे दोन नाकपुड्या असलेलं ते शार्कसारखं तोंड. १२० अंशाच्या व्ही६ मध्ये ब्रिटिश क्लायमॅक्स इंजिनापेक्षा ताकद चांगलीच जास्त होती. बेल्जियममध्ये स्पाला तर पहिल्या चारही गाड्या फेरारीच्या, हिल पहिला.

तरी वर्षभर फेरारीच जिंकली असं नाही. मोनॅको आणि नुर्बर्गरिंग स्टर्लिंग मॉसने जुन्या लोटसमध्ये जिंकलं, निव्वळ हाताच्या जोरावर. आणि रीम्सला हिल पुढे असताना गरगर फिरला, टीममेट फॉन ट्रिप्स आणि गिंथरच्या गाड्या बंद पडल्या आणि जिंकला कोण तर पहिल्यांदाच वर्ल्ड चॅम्पियनशिपची रेस करणारा जानकार्लो बागेत्ती.

त्याचे पॉइंट्स कुठे ३८ लिहिलेत कुठे ३४, खरे कुठले?

दोन्ही. तेव्हा आठ रेस होत्या आणि त्यातले सगळ्यात चांगले पाचच निकाल धरायचे. जिंकलं की ९, मग ६, ४, ३, २, १. हिल मोनॅकोला तिसरा (४), हॉलंडला दुसरा (६), बेल्जियमला पहिला (९), ब्रिटनला दुसरा (६), जर्मनीला तिसरा (४), इटलीला पहिला (९). बेरीज ३८, त्यातला एक ४ गळतो, राहिले ३४. फॉन ट्रिप्सचे ३३, त्याचे निकालच पाच होते त्यामुळे काही गळलं नाही.

मॉन्झाला १० सप्टेंबर १९६१ ला काय झालं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न.

व्होल्फगांग फॉन ट्रिप्स, जर्मन सरदार घराण्यातला, हिलचा टीममेट आणि चॅम्पियनशिपमध्ये ३३ पॉइंट्स घेऊन पुढे. हिल २९ वर. ट्रिप्स पोलवर, हिल चौथ्या जागेवरून. स्टार्ट ट्रिप्सचा बरा झाला नाही, मागे पडला, आणि दुसऱ्या लॅपला पॅराबोलिका वळणाकडे जाताना त्याची गाडी आणि जिम क्लार्कची लोटस एकमेकांना लागल्या. फेरारी बाजूच्या उतारावर चढली, जिथे लोक तारेच्या कुंपणाला चिकटून उभे होते, आणि त्यांच्यातून आडवी जाऊन परत खाली ट्रॅकवर आली. ट्रिप्स गाडीबाहेर फेकला गेला. तो आणि १५ प्रेक्षक मेले. क्लार्कला फारसं लागलं नाही.

रेस थांबवली नाही. आज वाचताना विश्वास बसत नाही पण त्या काळी असं झालं तरी रेस सहसा चालूच ठेवत. हिलला प्रत्येक लॅपला ती मोडलेली गाडी ओलांडून जावं लागलं असणार, ट्रिप्स बाहेर पडलाय एवढं त्याला समजलं होतं, तो गेलाय हे नाही. बाकीच्या फेरारी एकेक करून बंद पडल्या, हिल एकटा राहिला आणि जिंकला, डॅन गर्नी पोर्शमध्ये दुसरा. रेस संपली, वर्ल्ड चॅम्पियन झाला, आणि मग त्याला खरं काय ते कळलं.

सेलिब्रेशन असं काही झालंच नाही. काही दिवसांनी ट्रिप्सच्या अंत्ययात्रेत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत हिल होता. वर्ल्ड चॅम्पियन म्हणून त्याचे पहिले दिवस असे गेले.

म्हणजे ट्रिप्स मेला म्हणून हा चॅम्पियन झाला असंच ना?

हा प्रश्न दर थोड्या दिवसांनी कोणीतरी विचारतं, जरा खवचटपणे. आकडे बघू.

ट्रिप्स मॉन्झा जिंकला असता तर त्याचे ३ पॉइंट्स गळून ९ आले असते, म्हणजे ३९, आणि हिल मॉन्झाला दुसरा येऊन अमेरिकेची शेवटची रेस जिंकला असता तरी ३६ च्या वर जात नव्हता. विषय तिथेच संपला असता. उलट हिल जिंकून ट्रिप्स दुसरा आला असता तर हिल ३४ आणि ट्रिप्स ३६, निकाल शेवटच्या रेसवर गेला असता. म्हणजे ट्रिप्सचं पारडं जड होतं हे मान्य, नाही म्हणण्यात अर्थ नाही.

पण दुसरी बाजू कोणी सांगत नाही. हॉलंडपासून जर्मनीपर्यंत सलग पाच रेसला पोल हिलचा होता, त्याच गाडीत, त्याच टीममेटविरुद्ध. नुर्बर्गरिंगच्या जुन्या बावीस-तेवीस किलोमीटरच्या ट्रॅकवर नऊ मिनिटांच्या आत लॅप मारणारा पहिला माणूस हिल, त्याच वर्षी, ८ मिनिटं ५५.२ सेकंद. रीम्सला तो पुढे होता आणि फिरला, ते नऊ पॉइंट्स हातात असते तर मॉन्झाला येतानाच तो ट्रिप्सच्या पुढे असता. माझ्या मते दोघं बरोबरीचे होते, ट्रिप्स त्या वर्षी रेसमध्ये जास्त नीट जमवत होता आणि हिल एका लॅपवर जास्त वेगवान होता. चॅम्पियनशिप उधार मिळाली असं म्हणणं चुकीचंच.

चॅम्पियन झाल्यावर अमेरिकेच्या ग्रां प्रीला का उतरला नाही? घरचीच रेस होती की

फेरारी गेलीच नाही. मॉन्झानंतर टीमने सीझन तिथेच संपवला, ड्रायव्हरची आणि टीमची दोन्ही चॅम्पियनशिप तशाही पक्क्या झाल्या होत्या, आणि वॉटकिन्स ग्लेनला अमेरिकेचा पहिला वर्ल्ड चॅम्पियन स्वतःच्या देशातल्या लोकांसमोर त्या गाडीत बसू शकला नाही. मला तर मॉन्झाच्या खालोखाल वाईट याचंच वाटतं.

१९६२ नंतर कुठे गायब झाला?

१९६१ संपता संपता फेरारीत मोठं भांडण झालं आणि चिती, टीम मॅनेजर तावोनी, बिझारिनी अशी सगळी मोठी माणसं एकदम बाहेर पडली. भांडणाचं कारण म्हणून एन्झोच्या बायकोची कारखान्यात लुडबुड सांगितली जाते. गाडी सुधारायला कोणी उरलं नाही, मौरो फोर्गिएरी नावाच्या तरुण इंजिनिअरवर सगळं पडलं, आणि ब्रिटिश टीम्स नवीन व्ही८ इंजिनं घेऊन आल्या. हिलने सुरुवातीला तिसरा, दुसरा, तिसरा असे नंबर काढले, मग घसरगुंडी. त्या वर्षी फेरारीने चॅम्पियनशिपची एकही रेस जिंकली नाही.

मग तो चितीच्या मागे एटीएसमध्ये गेला. १९६३ ची ती गाडी म्हणजे नुसता उपद्व्याप, सगळ्यात चांगला निकाल मॉन्झाला अकरावा. १९६४ ला कूपर, पूर्ण वर्षात एक पॉइंट, आणि ऑस्ट्रियाला प्रॅक्टिसमध्ये एक गाडी आपटली, रेसमध्ये दुसरी आपटून जळाली, तो सुखरूप बाहेर आला पण पुढच्या रेसला टीमने त्याला बाजूला ठेवलं. १९६६ ला मॉन्झाला गर्नीच्या ईगलमध्ये प्रयत्न केला, क्वालिफाय झाला नाही. फॉर्म्युला वन तिथे संपलं. तीन विजय, सहा पोल. चॅम्पियन झालेल्यांत सगळ्यात कमी विजय त्याचे आणि हॉथॉर्नचे, तीन-तीन.

चितीच्या मागे जाणं ही करिअरमधली सगळ्यात मोठी चूक होती असं बरेच जण म्हणतात, मलाही पटतं, पण फेरारीत राहून १९६३ ला काय मोठं झालं असतं तेही सांगता येत नाही.

तीनच विजय, मग त्याला ग्रेट का म्हणायचं?

फॉर्म्युला वनचा तक्ता बाजूला ठेवा आणि ल माँकडे बघा. बेल्जियमचा ऑलिव्हिए झाँदबियाँ आणि हिल ही जोडी १९५८, १९६१, १९६२ अशी तीन वेळा जिंकली. १९५८ ची रेस तर बघण्यासारखी, म्हणजे दिसतच नव्हतं काही इतका पाऊस. संध्याकाळपासून ट्रॅकवर पाणी, अंधार, पुढे हळू गाड्या, आणि हिलने रात्री तशात आघाडी घेतली. आदल्या रात्री झोप न येणारा, अल्सरवाला माणूस तो हाच. १९६२ ची त्यांची गाडी ३३० टीआरआय ही ल माँ जिंकलेली पुढे इंजिन असलेली शेवटची गाडी. म्हणजे फॉर्म्युला वनमध्ये आणि ल माँमध्ये, दोन्हीकडे पुढे इंजिन असलेल्या गाड्यांचा शेवटचा विजय हिलच्याच हातून, हे योगायोग मला फार आवडतात.

शिवाय सीब्रिंगची १२ तासांची रेस तीन वेळा (१९५८, १९५९, १९६१), नुर्बर्गरिंगची १००० किलोमीटर दोन वेळा (१९६२ फेरारीत, १९६६ चॅपरलमध्ये). लांब पल्ल्यात गाडी न मोडता जोरात चालवायची तर ती आत काय करतेय हे कानाला कळावं लागतं, आणि ते त्याला बारा वर्षांचा असल्यापासून कळत होतं. एन्झोचं "हा स्पोर्ट्सकारचा माणूस" हे मत अगदीच चुकीचं नव्हतं, फक्त त्याने ते उणं म्हणून धरलं.

चॅपरल म्हणजे ती उंच पंखवाली पांढरी गाडी ना?

तीच. टेक्सासच्या जिम हॉलच्या गाड्या, ऑटोमॅटिकसारखा गिअरबॉक्स, आणि २एफ वर तर खांबांवर उभा केलेला मोठा पंख जो ड्रायव्हर पायाने हलवायचा. हिलने १९६६ ला लागुना सेकाची कॅन-ॲम रेस जिंकली आणि ३० जुलै १९६७ ला ब्रँड्स हॅचला माइक स्पेन्सबरोबर बीओएसी ५००. २एफ ला मिळालेला तो एकमेव विजय आणि हिलची शेवटची रेस. चाळिशीत, जिंकून, सगळे हातपाय शाबूत ठेवून थांबला.

फॉर्म्युला वन जिंकलेला एकमेव अमेरिकन हाच? मग मारिओ आंद्रेत्ती?

आंद्रेत्ती पण अमेरिकन आणि १९७८ चा चॅम्पियन, पण जन्म इटलीतला, मोंतोना गावचा, जे आता क्रोएशियात आहे. म्हणून "अमेरिकेत जन्मलेला एकमेव" असं लिहिलं तर हिल, नुसतं "अमेरिकन" लिहिलं तर दोघं. आंद्रेत्तीचीही चॅम्पियनशिप मॉन्झालाच पक्की झाली आणि तिथेच अपघात होऊन त्याचा टीममेट रॉनी पीटरसन गेला. दोन अमेरिकन चॅम्पियन आणि दोघांच्या बाबतीत मॉन्झाला हेच.

"पहिला अमेरिकन" असं जिथे तिथे लिहितात, ते कितपत खरं?

जपून वापरा. ल माँ जिंकणारा "अमेरिकेत जन्मलेला पहिला" हे बरोबर, कारण किनेत्ती पुढे अमेरिकन नागरिक झाला पण जन्माने इटालियन. ग्रां प्री जिंकणारा पहिला अमेरिकन हे चूक, जिमी मर्फीने १९२१ ला ड्यूसेनबर्गमध्ये फ्रेंच ग्रां प्री जिंकली होती. वर्ल्ड चॅम्पियनशिपची रेस जिंकणारा पहिला अमेरिकन हे तर कागदावर पार चूक, कारण १९५० ते १९६० इंडियानापोलिस ५०० चे पॉइंट्स वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये धरायचे, त्यामुळे १९५३ आणि १९५४ ला इंडी जिंकलेला बिल वुकोविच वगैरे सगळे त्याच्या आधी येतात. वाद टाळायचा तर "इंडी सोडून" हे दोन शब्द जोडा.

हिल स्वतः इंडी ५०० धावला का?

नाही, कधीच नाही.

ताशी ४०० च्या वर गाडी चालवली होती ती कुठे?

बॉनव्हिलच्या मिठागरावर, १९५९ ला. एमजीची ईएक्स१८१ नावाची थेंबाच्या आकाराची रेकॉर्डची गाडी, फक्त दीड लिटरचं सुपरचार्ज्ड इंजिन, ड्रायव्हर पुढे जवळजवळ आडवा. ताशी २५४ मैलांच्या वर म्हणजे साधारण ४१० किलोमीटर. दोन वर्षं आधी याच गाडीत मॉसने २४५ केले होते.

रिटायर झाल्यावर काय केलं?

जे आवडायचं ते. सांता मोनिकाला केन व्हॉनबरोबर हिल अँड व्हॉन नावाचं जुन्या गाड्या पहिल्यासारख्या करून देणारं दुकान काढलं आणि त्याचं नाव झालं. आपोआप वाजणारे जुने पियानो दुरुस्त करायचा नाद होताच. मासिकात गाड्यांवर लिहायचा, पेबल बीचला वर्षानुवर्षं परीक्षक होता, म्हणजे जिथे मावशीची गाडी घेऊन जिंकला तिथेच. लग्न १९७१ ला, चव्वेचाळिसाव्या वर्षी, रेसिंग सोडल्यावर. १९६६ ला ग्रां प्रीवरच्या एका हॉलीवूडच्या सिनेमासाठी कॅमेरा बसवलेली गाडी पण त्याने चालवली होती.

१९६१ ची त्याची खरी शार्कनोज कुठल्या म्युझियममध्ये बघायला मिळेल?

कुठेच नाही. एन्झो फेरारीला जुन्या रेसिंग गाड्यांचं काडीचं कौतुक नव्हतं, हंगाम संपला की भाग काढून घ्यायचे आणि बाकी भंगारात. सगळ्या १५६ शार्कनोज अशाच मोडल्या गेल्या, एकही शिल्लक नाही. तुम्ही फोटोत किंवा गुडवुडसारख्या ठिकाणच्या व्हिडिओत जी बघता ती नंतर बनवलेली प्रतिकृती असते, फार मन लावून बनवलेली असते, पण प्रतिकृतीच. कोणी "ओरिजिनल" म्हणून विकायला काढली तर हात जोडा आणि पुढे चला.